"त्या दिवसांत पाठ नसतात ना, मॅडम!" – अध्यापक महाविद्यालयांना खुले पत्र

सन्माननीय प्राचार्य आणि प्राध्यापकहो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या शाळेत बी.एड.चे आठ छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, इंटर्नशिपला आले होते. सहा मुली, दोन मुलगे. स्नेहसंमेलन तीन दिवसांवर आलेलं. मैदानावर पाचवीच्या पोरी लेझीम घेऊन उभ्या, स्टाफरूममध्ये भाड्यानं आणलेल्या कपड्यांची गाठोडी, आणि शिपाईमामा मांडववाल्याला फोन लावून लावून वैतागलेले. अशा वेळी ही आठही जणं माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि एकीनं अर्ज पुढं केला. दुसऱ्या दिवसापासून चार दिवस रजा. कारण विचारलं तर म्हणाली, "त्या दिवसांत पाठ नसतात ना, मॅडम. पाठ झाला नाही तर तो दिवस कॉलेज धरत नाही. तेवढ्यात घरी बसून फाइल पूर्ण करतो."

मी सही केली. काय करणार? कागदावर पोरांचं बरोबर होतं. त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं, पण स्नेहसंमेलन, मग क्रीडास्पर्धा, मग दहावीचे सराव पेपर, असं करता करता पूर्ण व्हायला जून उजाडला.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत सहशिक्षिका आहे. सांस्कृतिक विभाग नोकरीच्या पहिल्या वर्षी गळ्यात पडला तो अजून उतरलेला नाही. बी.एड. २००६-०७ चं, म्हणजे एका वर्षाच्या जमान्यातलं. दर वर्षी तुमचे विद्यार्थी आमच्याकडे येतात, आम्ही त्यांचे पाठ बघतो, निरीक्षण वहीत शेरे लिहितो. गेल्या काही वर्षांत मला जे दिसतंय ते त्या वहीत लिहायला रकाना नाही, म्हणून हा खुला कागद.

त्या अर्जावाल्या मुलीची सहशालेय उपक्रमांची फाइल मी मागून घेतली आणि चाळली. योग दिन, वृक्षारोपण, शिक्षक दिन, हिंदी दिन, गांधी जयंती, वाचन प्रेरणा दिन, ११ नोव्हेंबरचा राष्ट्रीय शिक्षण दिन, लगेच तीन दिवसांनी बालदिन, संविधान दिन, गणित दिन, सावित्रीबाई जयंती, मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा, विज्ञान दिन. प्रत्येकाचा एक पानी अहवाल, खाली फोटो, फोटोच्या तळाशी अक्षांश-रेखांशाची पट्टी. दोन वर्षांत या मुलीनं जेवढे कार्यक्रम पाहिले तेवढे मी दहा वर्षांत घेतले नसतील. आणि शाळेत खराखुरा कार्यक्रम उभा राहत होता त्या दिवशी ती घरी बसून या फाइलला स्केचपेननं चौकटी आखणार होती.

तिच्याच बाबतीतली आणखी एक गोष्ट सांगते. सोमवारचा परिपाठ तिच्याकडे दिला होता. आवाज छान, भाषा स्वच्छ, सूत्रसंचालनाच्या चारोळ्या तोंडपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली, आणि दिनविशेष सुरू होताच वीज गेली. समोर चारशे पोरं. ती तशीच माइक तोंडाशी धरून बोलत राहिली. ओठ हलताना दिसत होते. मागं नववीच्या मुलांची चुळबुळ सुरू झाली, मग कुजबुज, मग हसणं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दामच झेंड्याच्या खांबाकडं बघत राहिले. शेवटी सातवीतली मॉनिटर रांगेतून बाहेर आली, पोटातून आवाज काढून "सावधान!" म्हणाली, चारशे पाय एकदम आपटले, आणि मग तिनं हळूच या बाईंना सांगितलं, "मॅडम, आता बोला. पण मोठ्यानं."

नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना ती म्हणाली, "कॉलेजात माइक बंद पडला की सर स्वतः उठून बघायचे."

माझी तक्रार या एका वाक्यात मावते. महाविद्यालयात कार्यक्रम तुमचा असतो. मुलं त्यात दीप लावतात, स्वागतगीत म्हणतात, पाहुण्यांना रोप देतात, आभार मानतात. पण वायर कुठं सुटली, खुर्च्या किती कमी पडल्या, पाहुणे निघाले का, पैसे कुणी दिले, हे सगळं कुणीतरी सर किंवा मॅडम मागच्या मागं निस्तरत असतात. तुमच्या विद्यार्थ्यांना कार्यक्रमात भाग घेता येतो. कार्यक्रम निभावता येत नाही. आणि नोकरी लागल्यावर होतं काय? शिक्षणसेवक म्हणून रुजू होऊन आठवडा व्हायच्या आत मुख्याध्यापक विचारतात, "नवीन आहात ना? उत्साही दिसता. मग सांस्कृतिक तुमच्याकडं." सगळ्यात नवख्या माणसाच्या हातात शाळेतलं सगळ्यात गुंतागुंतीचं काम देण्याची आपल्याकडं रीतच आहे. शिक्षक होण्यासाठीच्या टीईटी आणि अभियोग्यता चाचणीत यातलं काही विचारत नाहीत, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर त्याचा रकाना नाही. शिकायची जागा एकच होती, ती म्हणजे तुमचं महाविद्यालय.

मी स्वतः काही वेगळी नव्हते. आमच्या वेळी एका जयंतीला सराव शाळेतली दोनशे मुलं आणून पटांगणात बसवली होती. पाहुणे अडीच तास उशिरा आले. दिवस फेब्रुवारीचा, सावली सरकत सरकत व्यासपीठावर गेली आणि मुलं उन्हात राहिली. सहावीतली एक मुलगी भोवळ येऊन पडली. आम्ही तिला पाणी पाजलं, वऱ्हांड्यात निजवलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसलो, कारण पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येत होती. त्या कार्यक्रमाचा अहवाल मी लिहिला. "कार्यक्रम अत्यंत उत्साही वातावरणात संपन्न झाला." अक्षर चांगलं म्हणून माझं कौतुकही झालं. त्या मुलीचं नाव मला आजही माहीत नाही.

पण त्याच महाविद्यालयात गणित अध्यापन पद्धतीचे एक सर होते, आणि त्यांच्यामुळंच मी आज हे लिहायचं धाडस करतेय. कार्यक्रम सुरू झाला की हे सर शेवटच्या रांगेत एक शंभर पानी वही घेऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या गटाला व्यासपीठाच्या पायऱ्यांवर बसवून वाचून दाखवायचे. "अकरा दहा. प्रास्ताविक चालू. तिसऱ्या रांगेतल्या मुली एकमेकींच्या वेण्या घालत आहेत. अकरा पंचवीस. प्रास्ताविक चालूच. वेण्या झाल्या, आता रिबिनी." आम्ही हसायचो. मग ते विचारायचे, "प्रास्ताविक कुणाचं होतं?"

त्या वर्षी विज्ञान दिनाचा गट आमचा होता. आम्ही तक्ते केले, प्रयोग मांडले, प्रत्येक टेबलामागं एक छात्राध्यापक उभा, मुलांची रांग समोरून सरकतेय आणि हा पाठ केलेली माहिती सांगतोय. सरांच्या वहीतली नोंद एवढीच होती: "साठ मुलं. एकाचाही हात कशाला लागला नाही." पंधरा दिवसांनी त्यांनी आम्हाला तोच कार्यक्रम दुसऱ्या शाळेत पुन्हा करायला लावला. या वेळी तक्ते घरीच ठेवले. लिंबं, खायचा सोडा, रिकाम्या बाटल्या आणि फुगे नेले. मुलांनीच बाटलीत लिंबू पिळलं, फुग्यात सोडा भरला, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून उभा केला. फुगा फुगायला लागला तेव्हा जो गलका झाला तो अजून कानात आहे. तिसऱ्या गटाला सोडा संपला. एक पुडी साठ जणांना पुरत नाही हे आम्हा सात विज्ञान पदवीधरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. एक जण सायकल काढून दुकानात गेला, आणि तो येईपर्यंतची बारा मिनिटं त्या मुलांना कसं धरून ठेवायचं हे मी त्या दिवशी शिकले. बी.एड.च्या अख्ख्या वर्षातली माझी सगळ्यात कामी आलेली बारा मिनिटं ती.

सर काही नवीन करत नव्हते. तुम्ही सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेक कौशल्य छोट्या पाठात घोटून घेताना, जे रोज करून घेता तेच ते कार्यक्रमाला लावत होते. सहा मिनिटं अध्यापन, सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं अध्यापन, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं हे चक्र तुमच्या झोपेतही फिरत असेल. प्रश्न विचारण्याचं साधं कौशल्य आपण असं दोनदा घासून घेतो, आणि दोनशे मुलांना तीन तास हाताळण्याचं काम एकदाच, तेही प्रत्याभरणाशिवाय! आभार झाले, चहा-बिस्किटं झाली, बॅनरची घडी घातली, संपलं. टाचण, म्हणजे आधी लिहिलेली आखणी, नसलेला पाठ तुम्ही चालवून घेत नाही. कार्यक्रमाचं टाचण कधी कुणी मागितलंय का?

बॅनरचा विषय निघालाच आहे तर सांगते. एका महाविद्यालयात (कुठल्या ते सोडा) परीक्षक म्हणून गेले होते. दुपारी सभागृहात तेच चाळीस विद्यार्थी, तेच व्यासपीठ, आणि मागचा बॅनर तासाभरात तीनदा बदलला. पहिल्या बॅनरपुढं व्याख्यान, दुसऱ्यापुढं कार्यशाळा, तिसऱ्यापुढं जाणीवजागृती. मुलींना मधल्या वेळात जागा बदलून बसायला सांगितलं होतं, फोटोत चेहरे वेगळे दिसावेत म्हणून. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायची होती. मूल्यांकनाचा ताण तुमच्यावर किती असतो हे मला कळतं. माहितीचे तक्ते, पुरावे, लिंका, दर वर्षीचा गुणवत्ता अहवाल. पुरावा मागितला जातो म्हणून पुरावा तयार होतो. पण त्या सभागृहात बसलेली चाळीस जणं उद्याचे शिक्षक होते, आणि त्या दुपारी ते एक गोष्ट मात्र पक्की शिकले. पुढं शाळेत वाचन-गणिताच्या "निपुण" अभियानाचे, पोषण आहाराचे, प्रवेशोत्सवाचे फोटो वर पाठवायची वेळ येईल, तेव्हा त्यांना कुणी वेगळं शिकवायची गरज पडणार नाही.

आता ३ जानेवारी. सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, त्यामुळं त्या दिवशी इकडं उत्साह जास्त. प्रत्येक महाविद्यालयात एक छात्राध्यापिका नऊवारी नेसून सावित्रीबाई होते आणि प्रसंग ठरलेला असतो: रस्ता, शेण, दगड, पिशवीतलं दुसरं लुगडं. वाईट नाही. पण अध्यापक महाविद्यालयात तरी त्यापुढं जायला हवं की नाही? सावित्रीबाई प्रशिक्षण घेऊन शिकवायला उभ्या राहिलेल्या शिक्षिका होत्या, तुमच्या विद्यार्थिनींसारख्याच. त्यांनी वर्गात काय शिकवलं, मुली शाळेत टिकाव्यात म्हणून काय केलं, यावर एखादं वर्ष घालवता येईल. फुले पती-पत्नींच्या पुण्यातल्या शाळांच्या परीक्षा १८५० च्या दशकात जाहीरपणे, लोकांच्या गर्दीसमोर घेतल्या गेल्या. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. सत्कार तर आपण रोजच करतो. पण ती जाहीर परीक्षा बघा. मुली काय शिकल्या हे गावाला डोळ्यांनी दाखवायचं, ज्यांचा विरोध त्यांच्याही समोर. त्या कार्यक्रमाला कारण होतं. तुमच्या गटाला सांगा, सराव शाळेतल्या पाचवीच्या मुलींना घेऊन असा एक दिवस उभा करा, पालकांना बोलवा, मुलींना वाचू द्या, गणितं सोडवू द्या. नऊवारी नेसली नाही तरी चालेल.

शाळेतला कार्यक्रम म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नाही असं नाही, पण बरीच वर्षं झाली असतील म्हणून आठवण करून देते. निमंत्रणपत्रिकेत नावांचा क्रम. सरपंच आधी की शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष? माजी अध्यक्षांचं नाव राहिलं तर पुढची तीन वर्षं शाळेची पाण्याची टाकी दुरुस्त होत नाही. नाचात घेतलं नाही म्हणून दोन दिवस न जेवलेली मुलगी आणि तिची आई. कपड्याचं भाडं दीडशे रुपये, ते देऊ न शकणारा मुलगा "मला नाचायला आवडतच नाही" म्हणतो, तेव्हा त्याचं खरं मानायचं की खोटं? मी पूर्वी खरं मानायचे. आता कोळीगीत बसवताना कपडे घरचेच चालतील असं आधीच जाहीर करते आणि रुमाल तेवढे शाळेचे देते. हे मला कुठल्याही पेपरात भेटलं नाही. २०१५ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, नाट्य आणि कलेचा स्वतंत्र विषय आला, तेव्हा मला फार आशा वाटली होती. मग एका छात्राध्यापकाची त्या विषयाची वही पाहिली. रंगमंचाचे प्रकार, व्याख्या, फायदे-तोटे.

सहलीचंही तेच. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेली महाविद्यालयीन मुलं बुडाली, त्यानंतर शाळांच्या सहलींकडं सगळ्यांचंच लक्ष गेलं. संमतीपत्रं, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मुलींबरोबर शिक्षिका. कागद सगळे होतात. पण दर थांब्याला डोकी मोजायची असतात, आणि नुसती मोजून भागत नाही, जोड्या लावून ठेवायच्या असतात, म्हणजे एक नसला की दुसरा ओरडतो. तुमच्या शैक्षणिक सहलीत छात्राध्यापक गाडीत बसून भेंड्या खेळतात. खेळू द्या, वय आहे. फक्त येताना-जाताना मोजायचं काम त्यांच्यातल्या दोघांकडे द्या आणि प्राध्यापकांनी त्या दिवशी मोजायचं नाही, असं ठरवा. छातीत धडधड होईल, तुमच्याही.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. निम्म्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, विनाअनुदानित ठिकाणी पगाराची तारीखच नाही. विद्यार्थिनींमध्ये कितीतरी जणी संसार आणि लहान मूल सांभाळून एसटीनं येतात, चारची गाडी चुकली तर पुढची सहाला. आणि काही विद्यार्थी फक्त हजेरीपटावर येतात, हे उघड गुपित तुम्हीही जाणता, मीही. म्हणूनच म्हणते, कार्यक्रम कमी करा. पंधरा दिन साजरे करण्याऐवजी पाच करा. बाकीच्यांना परिपाठातली दोन मिनिटं पुरेत. त्या पाचांतला एकेक एकेका गटाला पूर्ण सोपवा. पाचशे-हजार रुपये रोख हातात द्या आणि पावत्या मागा. पाहुणा बोलवायचा की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या. बहुतेक वेळा नसलेलाच बरा. समोर तुमचेच विद्यार्थी बसवू नका, शाळेतली मुलं बसवा. छात्राध्यापक शिष्टाचारानं टाळ्या वाजवतात, सहावीतली मुलं वाजवत नाहीत. शेवटच्या रांगेत एक प्राध्यापक वही घेऊन बसू दे, आणि माइक बंद पडला तरी त्यानं उठायचं नाही. पंधरा दिवसांनी तोच गट, तोच कार्यक्रम, दुसरी शाळा. अहवालात एक रकाना वाढवा, "काय चुकलं" असा, आणि तो कोरा असेल तर अहवाल परत करा. फोटो काढा की, कोण नको म्हणतंय? ही पाचांची फाइल मूल्यांकन समितीला पंधरांच्या फाइलीपेक्षा हलकी वाटेल अशी भीती असेल, तर तो "काय चुकलं"चा रकाना त्यांच्यापुढं उघडून ठेवा. तेही शिक्षकच असतात.

आणि इंटर्नशिपचे दिवस मोजण्याची पद्धत तेवढी बदला. वीस आठवड्यांची ही व्यवस्था शाळा समजून घेण्यासाठी आहे, नुसत्या पाठांच्या बेरजेसाठी नाही. स्नेहसंमेलनाचा दिवस, क्रीडास्पर्धेचा दिवस, पालकसभेचा दिवस पाठाइतकाच धरला जाईल, असं एक ओळीचं परिपत्रक काढायला विद्यापीठाची वाट बघावी लागू नये. आता चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आलाय, एका वर्षाच्या बी.एड.ची पुन्हा चर्चा आहे. वर्षं किती ते दिल्लीत ठरेल. डिसेंबरात मुलं मैदानावर असतील की घरी, हे तुमच्या कार्यालयात ठरतं.

आमचं यंदाचं स्नेहसंमेलन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. तयारी १० तारखेपासून सुरू होते. मुख्याध्यापकांशी मी बोलून ठेवलंय: ज्या महाविद्यालयाची तयारी असेल त्यांच्या गटाकडे दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम पूर्ण सोपवायचा, पाचवी ते सातवी, साधारण एकशे ऐंशी मुलं. मांडव, स्पीकर शाळेचा. खर्चाला तीन हजार रुपये मिळतील, हिशेब द्यावा लागेल. सहा जणं पुरेत, आठ आले तरी चालतील. एसटी साडेनऊला फाट्यावर सोडते, तिथून दहा मिनिटं चालत. डबा घेऊन यायला सांगा, आणि आवाज चढा असलेलं कुणीतरी एक असू द्या, कारण आमच्याकडे दुपारी वीज हमखास जाते.

आपली,
एका सराव शाळेतली सहशिक्षिका
(आणि तुमच्यापैकीच एका महाविद्यालयाची माजी छात्राध्यापिका)